प्रथम कोण, हें ठरवावें कोणी?

सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजूषेच्या स्पर्धा आज पुष्कळ शाळांतून होत असतात, आणि त्या व्हाव्या याविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं. परंतु या स्पर्धांत जे तंटे उद्भवतात, त्यांचें मूळ बहुधा ज्ञानांत नसून वेळेंत असतें. प्रश्न विचारला जातो, चार संघांचे हात एकदम वर जातात, आणि 'प्रथम कोण?' याचा निकाल परीक्षकांच्या डोळ्यांवर अवलंबून राहतो. डोळा हा न्यायाधीश प्रामाणिक असला तरी मंद आहे. दिवा दिसतांच बटण दाबा असें सांगितलें, तरी सुदृढ मनुष्यास सुमारें पाव सेकंद लागतो. आणि दोन हातांमधील अंतर याहून पुष्कळच कमी असूं शकतें. मग जो पुढच्या बांकावर बसला, अथवा ज्याचा आवाज मोठा, त्याकडे दृष्टि आधीं वळावी यांत नवल तें काय? मागें बसलेली एखादी लाजरी मुलगी उत्तर जाणत असूनहि राहून जाते. हा अन्याय लहान खरा. पण लहानपणीं सोसलेला लहान अन्याय मनांत दीर्घकाळ घर करून राहतो.

यावर उपाय म्हणजे बझर. तो बाजारांत तयार मिळतो. तथापि आमचें मत असें आहे कीं, शाळेनें तो विकत न घेतां आपल्या विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावा. पैसा वांचतो हें त्याचें गौण कारण होय. मुख्य कारण निराळें आहे, आणि तें समजण्यासाठीं या यंत्राची रचना थोडी पाहिली पाहिजे.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे बोटाएवढ्या काळ्या तुकड्यांत सामावलेला एक लहानसा संगणक. २००५ सालीं इटलींतील इव्रेआ या गांवीं विद्यार्थ्यांच्या सोयीसाठीं आर्डुइनो नांवाचा बोर्ड निघाला. त्याच्या 'ऊनो' या प्रकारांतील मायक्रोकंट्रोलरचें घड्याळ सेकंदास १ कोटी ६० लक्ष ठोके देतें. प्रत्येक संघाच्या बटणाची एक तार बोर्डाच्या एकेका पायास व दुसरी शून्य दाबास जोडावयाची. बटण मोकळें असतां त्या पायावर ५ व्होल्ट दाब असतो. तें दाबतांच दाब शून्यावर येतो. हें ओळखून यंत्रानें त्या संघाचा दिवा लावावा, नाद करावा, आणि परीक्षक मोकळीक देईपर्यंत इतर बटणांस दाद देऊं नये. दिव्याबरोबर सुमारें २२० ओहमचा रोध ओळींत घातला म्हणजे दिवा व बोर्ड दोन्ही सुरक्षित राहतात.

येथपर्यंत सर्व सोपें आहे. खरी मेख पुढेंच आहे. आपण लिहिलेल्या आज्ञांप्रमाणें यंत्र क्रमानें विचारीत जातें: पहिल्या संघानें बटण दाबलें काय? दुसऱ्यानें? तिसऱ्यानें? ही फेरी सेकंदाच्या काहीं लक्षांश भागांत पुरी होते, म्हणून एरव्हीं त्या क्रमानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु नवशिका विद्यार्थी 'तयार' असा दिवा लुकलुकविण्यासाठीं मध्येंच पाव सेकंदाची विश्रांति लिहितो. त्या विश्रांतींत यंत्र बहिरें असतें. तें जागें झाल्यावर ज्यांचीं ज्यांचीं बोटें बटणांवर असतील, तीं सर्व त्याला सारखींच. आणि प्रश्न तर तें पहिल्या संघासच आधीं विचारतें! तिसऱ्या संघानें आधीं दाबलेलें असूनहि दिवा पहिल्याचा लागतो. यंत्र खोटें बोललें नाहीं. जसें लिहिलें तसें तें वागलें. पण हा अन्याय डोळ्याच्या अन्यायाहून वाईट, कारण परीक्षकांच्या डोळ्याविषयीं शंका घेतां येते, यंत्राविषयीं ती घेण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

याचे उपाय आहेत. विश्रांति काढून टाकावी आणि गेलेला वेळ मोजून दिवा लुकलुकवावा. आठ पायांची स्थिति एकाच वाचनांत घेतां येते, तशी ती घ्यावी. आणि दोन संघ एकाच वाचनांत सांपडले तर बरोबरी जाहीर करून नवा प्रश्न विचारावा. मग परीक्षा करावी. तिसऱ्याचें व पहिल्याचें बटण शेजारीं ठेवून एका पट्टीनें आधीं तिसरें व लगेच पहिलें, असें शंभर वेळां दाबावें. एकदांहि पहिल्याचा दिवा लागला, तर तें यंत्र अद्याप न्यायासनावर बसण्यास योग्य झालें नाहीं असें समजावें.

तयार पेटी विकत घेणाऱ्यास हा प्रश्न कधीं पडतच नाहीं. ज्यानें ती स्वतः केली, त्यास मात्र जन्मभराचा धडा मिळतो: यंत्राचा निःपक्षपात म्हणजे तें लिहिणाऱ्याचाच निःपक्षपात होय. आज रेल्वेचें तत्काळ तिकीट आधीं कोणास मिळावें, अकरावीच्या प्रवेशाच्या यादींत कोणाचें नांव कोठें यावें, हें संगणक ठरवितो. असल्या निकालांपुढें मुकाट्यानें मान न तुकवितां 'हा क्रम कोणी व कसा लिहिला?' असें विनयानें विचारणारे नागरिक आपणांस हवे असतील, तर त्याचा आरंभ शाळेच्या या लहानशा पेटीपासून होऊं शकतो.

कांहीं पालक म्हणतील, यानें अभ्यासाची हानि होईल. विजेचे जे धडे पुस्तकांत केवळ पाठ होतात, ते येथें हातांत येतात. ही हानि नव्हे. मात्र तारा जोडण्याचें काम मुलांनीं व फलक रंगविण्याचें मुलींनीं, अशी वांटणी कदापि होऊं नये. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चपळ बोट म्हणजे ज्ञान नव्हे. हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. बझर बोटाचा क्रम सांगतो, बुद्धीचा नाहीं; म्हणून एक फेरी बझरची ठेवली तर दुसरी सावकाश लिहून उत्तर देण्याची असावी. जागतिक धावशर्यतींत पिस्तुलाच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आंत निघालेल्या धावपटूची सुरुवात सदोष धरतात. वेळ यंत्र मोजतें, पण नियम माणसांनीं ठरविलेला आहे. प्रश्न पुरा होण्यापूर्वीं बटण दाबल्यास काय करावें, हेंहि तसेंच आपणच आधीं ठरविलें पाहिजे.

म्हणून आमची विद्यार्थ्यांस एवढीच सूचना आहे. येत्या स्नेहसंमेलनासाठीं बझर तुम्हीच करा, त्याच्या पेटीस पारदर्शक झांकण बसवा, आणि त्यांतील आज्ञा व शंभर चांचण्यांचा निकाल स्पर्धेपूर्वीं सूचनाफलकावर लावा. हरणाऱ्या संघासहि तो वाचून 'निकाल योग्य झाला' असें मनापासून म्हणतां आलें, म्हणजे तुमचें यंत्र खरोखर उत्तीर्ण झालें.