घाम, डिओ आणि एक ‘नाही’

पुण्या-मुंबईत आता कुठल्या ना कुठल्या पबमध्ये साल्सा-बचाटाची ‘सोशल नाइट’ असतेच. पार्टनर सोबत न्यावा लागत नाही. तिथे गेल्यावर अनोळखी माणसाला विचारायचं, एक गाणं नाचायचं, थँक्यू म्हणायचं, की पुढचा पार्टनर. तुमच्यापैकी कित्येक जण दोन-तीन महिन्यांचा क्लास करून थेट इथेच पोचत असतील. क्लासमध्ये स्टेप्स पक्क्या करून घेतात. पण चाळीस जणांच्या जागेत ऐंशी जण नाचत असताना वागायचं कसं, हे सांगायचं बहुतेक राहूनच जातं.

आधी घामाचं बोलू, कारण तोंडावर ते कुणीच बोलत नाही. ताज्या घामाला जवळपास वास नसतो. त्वचेवरचे, विशेषतः काखेतले जिवाणू त्याचं विघटन करतात तेव्हा तो येतो. म्हणजे भिजलेल्या टी-शर्टवर वॉशरूममध्ये जाऊन डिओ फवारला की घामाचा वास जात नाही, दोन्ही मिळून एक तिसराच वास तयार होतो! निघण्याआधी अंघोळ, बॅगेत दोन जादा टी-शर्ट आणि छोटा टॉवेल, एवढं पुरतं. (मुंबईच्या दमट हवेत तीन न्या.) कच्चा कांदा आणि लसणाची चटणी त्या दिवशी टाळा, कारण समोरचा चेहरा वीतभर अंतरावर असतो. जाड अंगठ्या आणि मोठं घड्याळ काढून ठेवा. लांब केस बांधा. स्पिन घेताना मोकळी वेणी चाबकासारखी लागते.

गर्दीत पावलं लहान टाकायची. डिप, लिफ्ट वगैरे घरी. ग्लास घेऊन फ्लोअरवर यायचं नाही, कारण सांडलेल्या बिअरवर हील घसरते. धक्का लागला तर चूक कुणाची हा हिशोब न करता सॉरी. आणि समोरच्याने मागितलं नसताना ‘असं नाही, असं’ करत भर फ्लोअरवर क्लास घेणारे? ते घामापेक्षाही नकोसे होतात.

पण हे सगळं तुलनेने सोपं आहे. खरी गोची ‘नाही’ म्हणण्यात आहे.

ब्युनोस आयर्सच्या टँगो मैफलींमध्ये, म्हणजे मिलोंगांमध्ये, ‘काबेसेओ’ नावाची पद्धत आहे. लांबून नजर भेटते, मान किंचित हलते. समोरून होकाराची मान हलली तरच उठून जायचं. नकार द्यायचा असेल तर नजर वळवली की झालं. चारचौघांत कुणाचा पचका होत नाही, कुणाला कारणं शोधावी लागत नाहीत. आपल्याकडे थेट समोर हात येतो, कधी मनगटच ओढलं जातं. मग मुलगी ‘पाय दुखतायत’ म्हणते. पुढच्या गाण्याला ती दुसऱ्याबरोबर दिसली की ह्याचं तोंड वाकडं! अरे, तिला तुझ्याबरोबर नाचायचं नव्हतं, एवढंच. त्याला मेडिकल सर्टिफिकेट कशाला लागतं?

बचाटात हे आणखी नाजूक होतं. मूळ नाच डॉमिनिकन रिपब्लिकचा, २०१९ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलेला. रील्समध्ये दिसते ती बहुतेकदा स्पेनमध्ये रुजलेली ‘सेन्शुअल’ शैली, अंगाला अंग लावून केलेली. त्या रीलमधली जोडी बहुधा कित्येक महिने एकत्र सराव करत असते. तेच जवळ येणं तुम्ही पाच मिनिटांपूर्वी भेटलेल्या मुलीवर लादलंत तर तो नाच उरत नाही. अंतर किती, हे ज्याला जास्त अंतर हवंय त्यानं ठरवायचं. हे मुलींनाही लागू, आणि मुलगी लीड करत असेल तेव्हाही.

‘हा ज्याच्या त्याच्या संस्कारांचा प्रश्न आहे’ हे वाक्य मला पटत नाही. इंग्लंडमध्ये लिंकनशायरमध्ये २०१६ मध्ये ‘आस्क फॉर अँजेला’ सुरू झालं. बारमध्ये असुरक्षित वाटलं तर काउंटरवर जाऊन ‘अँजेला’ची चौकशी करायची, स्टाफ काय ते समजून मदत करतो. तिथे संस्कार बदलायची वाट बघत कुणी बसलं नाही. आपल्याकडे कायदा आहेच; विनयभंगाला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ खाली एक ते पाच वर्षांची कैद होऊ शकते. पण कमरेवरून हळूच खाली सरकलेल्या हातासाठी रात्री अकरा वाजता पोलीस ठाण्यात किती जणी जातील? बहुतेक जणी पुढच्या आठवड्यापासून येणंच बंद करतात. मग आयोजक मुलींची संख्या कमी म्हणून ‘लेडीज फ्री’चं पोस्टर टाकतात.

फुकट एंट्रीने मुलगी एकदा येते. दुसऱ्यांदा येण्यासाठी आयोजकांना सुरुवातीलाच माइकवर दोन मिनिटं नियम सांगावे लागतील, तक्रार कुणाकडे करायची तो माणूस सगळ्यांना दाखवावा लागेल, आणि तक्रार आली तर आपल्या सगळ्यात भारी डान्सरलाही ‘आज घरी जा’ म्हणावं लागेल. पुढच्या वेळी तिकीट काढण्याआधी आयोजकांना एवढं विचारा, की असा माणूस तुमच्याकडे कोण आहे?