शोरूम तीन, भाव एकच: वाहन कंपन्या आपसात ‘ठरवतात’ तेव्हा नेमकं काय होतं?

मागच्या वर्षी बहिणीसाठी स्कूटर घ्यायची होती. मी आपला नेहमीचा उद्योग केला. फोनवर आठ-दहा टॅब उघडले, चार रिव्ह्यू पाहिले, ऑन-रोड किमतीचे स्क्रीनशॉट काढले आणि सांगली, मिरज, कोल्हापूर अशा तीन ठिकाणच्या शोरूमकडून व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन मागवलं. तिन्ही पीडीएफ शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. सूट तीच, फुकटचं सीट कव्हर तेच आणि घासाघीस केल्यावर आलेलं उत्तरही तेच: “सर, वरून परमिशन नाही.”

तीन ठिकाणी एकच भाव निघाला म्हणजे लगेच गडबड आहे, असं म्हणता येत नाही. कर सारखा असतो, कंपनीची ऑफर सारखी असते, आणि दुकानदार एकमेकांकडे बघूनही भाव ठेवतात. तो गुन्हा नाही. गुन्हा होतो तो भाव आपसात बोलून ठरवला की. पण ते ‘वरून’ माझ्या डोक्यात राहिलं. आपण फोनवर तुलना करतो, तेव्हा एक गोष्ट गृहीत धरतो: विकणारे एकमेकांशी स्पर्धा करताहेत. ती स्पर्धाच नसेल तर दहा काय, शंभर टॅब उघडून उपयोग काय?

गेल्या दहा वर्षांत युरोपात आणि भारतात वाहन कंपन्यांना याच कारणासाठी मोठे दंड झाले. त्यातली चार प्रकरणं इथे बघू. प्रत्येकात ‘ठरवण्याची’ पद्धत वेगळी आहे, म्हणून ती समजून घेण्यासारखी आहेत.

१. भाव ठरवला: ट्रकवाल्यांचं साटंलोटं

जानेवारी १९९७. ब्रुसेल्समधल्या एका हॉटेलात युरोपातल्या बड्या ट्रक कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी भेटले. तिथून सुरू झालेलं साटंलोटं २०११ पर्यंत, म्हणजे तब्बल १४ वर्षं चाललं. आधी बैठका, ट्रेड फेअरच्या निमित्ताने गाठीभेटी, फोन, नंतर ईमेल.

त्यांनी गिऱ्हाइकाच्या हातात पडणारी अंतिम किंमत ठरवली नव्हती. ठरवली ती कारखान्याच्या पातळीवरची यादीतली किंमत, म्हणजे ‘लिस्ट प्राइस’. पुढची सगळी घासाघीस या आकड्यावर चालते. पायाच वर उचलला, तर तुम्ही कितीही भाव पाडून घ्या, वरूनच पाडणार. याशिवाय प्रदूषण कमी करणारं नवं तंत्रज्ञान बाजारात कधी आणायचं आणि त्याचा खर्च गिऱ्हाइकावर कसा टाकायचा, हेही त्यांनी मिळून ठरवलं.

युरोपियन कमिशनने जुलै २०१६ मध्ये डेमलर, डॅफ, व्होल्वो-रेनॉ आणि इव्हेको यांना मिळून सुमारे २९३ कोटी युरोंचा दंड केला. एकट्या डेमलरचा वाटा १०० कोटींच्या वर होता. मॅन ही कंपनीही यात सामील होती, पण तिला दंड शून्य. कारण भांडं तिनेच फोडलं होतं. सहावी कंपनी स्कॅनिया तडजोडीला तयार झाली नाही. तिला २०१७ मध्ये वेगळा ८८ कोटी युरोंचा दंड झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयातही तिचं अपील फेटाळलं गेलं.

ट्रक आपण थोडेच विकत घेतो, असं वाटेल. पण युरोपात जमिनीवरून होणाऱ्या मालवाहतुकीतला सुमारे तीन चतुर्थांश माल ट्रकने जातो. ट्रक महाग झाला की भाडं वाढतं, आणि ते दूध-पावाच्या किमतीत येऊन बसतं.

२. तंत्रज्ञान ठरवलं: अ‍ॅडब्ल्यूच्या टाकीची गोष्ट

हे प्रकरण मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण यात किंमत ठरवलीच नव्हती.

हायवेवरच्या पंपावर किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात ‘डीईएफ’ किंवा ‘अ‍ॅडब्ल्यू’ लिहिलेले कॅन पाहिले असतील. ट्रकवाले त्याला सरळ ‘युरिया’ म्हणतात, आणि ते खरंही आहे: ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. डिझेल इंजिनाच्या धुरात नायट्रोजन ऑक्साइड असतात, ते फुप्फुसांना घातक. हा द्रव गरम धुरात फवारला की त्यातून अमोनिया तयार होतो. मग कॅटॅलिस्टमध्ये त्या ऑक्साइडचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्याच्या वाफेत होतं. भारतात २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांमध्येही हीच यंत्रणा आहे.

साधं गणित बघा. द्रव जास्त फवारला तर धूर जास्त स्वच्छ. पण मग टाकी मोठी लागते. मोठी टाकी म्हणजे जागा गेली, खर्च वाढला. टाकी लहान ठेवून फवारा तेवढाच ठेवला, तर गिऱ्हाइकाला वारंवार भरायला लागतं, त्याची कटकट. आता एखाद्या कंपनीने मोठी टाकी देऊन ‘आमची गाडी कायद्यापेक्षाही स्वच्छ’ अशी जाहिरात केली असती, तर बाकीच्यांना मागे धावावं लागलं असतं.

ते धावणं नको होतं. म्हणून डेमलर, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन समूह (ऑडी आणि पोर्शेसकट) यांनी २००९ ते २०१४ या काळात टाकीचा आकार, एका भरण्यात गाडी किती किलोमीटर चालावी आणि द्रव सरासरी किती खर्च होईल, याबद्दल आपसात समझोता केला. कायद्याने मागितलं त्यापेक्षा चांगलं काम कोणीच करायचं नाही, एवढी खात्री सगळ्यांना मिळाली.

जुलै २०२१ मध्ये फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूला मिळून सुमारे ८७.५ कोटी युरोंचा दंड झाला. यातला एक फरक लक्षात ठेवा. २०१५ मध्ये गाजलेला ‘डिझेलगेट’ वेगळा. तिथे फोक्सवॅगनने सॉफ्टवेअर वापरून चाचणीत फसवलं होतं, कायदा मोडला होता. इथे प्रदूषणाचा नियम मोडल्याचा आरोप नव्हता. गाडी अजून चांगली करता येत असताना ती न करण्याचं ठरवलं, हा ठपका होता. केवळ तांत्रिक विकास रोखला म्हणून युरोपियन कमिशनने कार्टेलचा दंड करण्याची ही पहिलीच वेळ.

हे तुम्ही कोणत्या अ‍ॅपवर तपासणार? स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात तिन्ही गाड्या सारख्याच चांगल्या दिसल्या असत्या. जी गाडी बनलीच नाही, तिचा रिव्ह्यू येत नाही.

३. माहिती लपवली: जुन्या गाड्यांचं भंगार

ताजं प्रकरण १ एप्रिल २०२५ चं. युरोपियन कमिशनने १५ वाहन कंपन्या आणि त्यांच्या युरोपातल्या संघटनेला मिळून सुमारे ४५.८ कोटी युरोंचा दंड केला. त्याच दिवशी ब्रिटनच्या नियामकानेही सुमारे ७.७ कोटी पौंडांचा दंड जाहीर केला. यादीत फोक्सवॅगन, रेनॉ, फोर्ड, टोयोटा तर आहेतच. सुझुकी आणि टाटा मोटर्सच्या मालकीची जग्वार लँड रोव्हरही आहे.

आरोप दोन. एक, आयुष्य संपलेल्या गाड्या सुट्या करणाऱ्या भंगार व्यावसायिकांना पैसे द्यायचे नाहीत, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. दोन, गाडीचा किती भाग पुन्हा वापरता येतो आणि नव्या गाडीत किती रीसायकल केलेला माल आहे, याची जाहिरात कोणीच करायची नाही. हे २००२ ते २०१७ असं १५ वर्षं चाललं.

दुसरा मुद्दा पुन्हा आपल्याशी जोडलेला आहे. पर्यावरणाचा विचार करून गाडी निवडणाऱ्या माणसाला तुलना करायला लागणारा आकडाच बाजारातून गायब केला गेला.

४. सूट ठरवली: आपल्या अंगणातलं प्रकरण

आता घरी येऊ. २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे सीसीआयकडे, एक निनावी ईमेल आला. पाठवणारा स्वतःला मारुती सुझुकीचा डीलर म्हणवत होता. तक्रार होती कंपनीच्या पश्चिम-२ विभागाबद्दल, ज्यात मुंबई वगळता महाराष्ट्र येतो. म्हणणं असं: कंपनीने जाहीर केलेल्या ऑफरपेक्षा जास्त सूट द्यायची आम्हाला मुभा नाही, दिली तर दंड बसतो. पुण्यासह इतर मोठ्या शहरांतही हेच चालतं.

आयोगाने स्वतःहून चौकशी लावली. तपासात बाहेर आलेली पद्धत एखाद्या वेब सिरीजमध्ये शोभेल अशी आहे. गिऱ्हाईक असल्याचं नाटक करणारी माणसं एजन्सीमार्फत शोरूममध्ये पाठवली जायची. ती जास्तीची सूट मागायची. सेल्समनने ‘हो’ म्हटलं की त्याचं ऑडिओ किंवा व्हिडिओ रेकॉर्डिंग कंपनीकडे जायचं. मग डीलरला खुलासा मागणारा ईमेल. खुलासा पटला नाही तर डीलरलाच नाही, तर त्याच्या कर्मचाऱ्यांनाही दंड. काही वेळा गाड्यांचा पुरवठा थांबवण्याची धमकी. दंड कुठे भरायचा, हेही कंपनीच सांगायची.

ऑगस्ट २०२१ मध्ये आयोगाने मारुतीला २०० कोटी रुपयांचा दंड केला. हे धोरण डीलरांचं स्वतःचं होतं, असा कंपनीचा बचाव होता. आयोगाला तो पटला नाही, आणि त्यात कंपनी, एजन्सी आणि डीलर यांच्यातले ईमेलच मुख्य पुरावा ठरले. कंपनीने या आदेशाविरुद्ध अपील केलं.

आधीच्या तीन प्रकरणांत आणि यात एक फरक आहे. तिथे स्पर्धक कंपन्या एकत्र आल्या होत्या. इथे एकच कंपनी आपल्या विक्रेत्यांना एकमेकांशी स्पर्धा करू देत नव्हती. पण गिऱ्हाइकाला दोन्हीकडे अनुभव तोच: कुठेही जा, आकडा हलत नाही.

आयोगाचा आदेश हा शेवटचा शब्द नसतो, हेही ध्यानात ठेवा. अशाच आरोपावरून २०१७ मध्ये ह्युंदाईला ८७ कोटींचा दंड झाला होता. तो पुढच्याच वर्षी अपिलात रद्द झाला.

मग हे उघडकीला येतं कसं?

चारही प्रकरणं पुन्हा पाहा. ट्रकमध्ये मॅनने सांगितलं. अ‍ॅडब्ल्यूमध्ये डेमलरने सांगितलं आणि सुमारे ७२.७ कोटी युरोंचा दंड वाचवला. भंगाराच्या प्रकरणात मर्सिडीज-बेंझने सांगितलं. डेमलरचंच हे आताचं नाव. भारतात एका निनावी ईमेलने सुरुवात केली. बाहेरच्या कुणा हुशार गिऱ्हाइकाने किंवा अ‍ॅपने यातलं एकही पकडलेलं नाही. प्रत्येक वेळी आतलं माणूस बोललं.

नियामकांनाही हे माहीत आहे. म्हणून कायद्यातच अशी सोय आहे की जो आधी येऊन पुराव्यासह सांगेल, त्याला माफी. भारतातही कार्टेलची माहिती देणाऱ्या पहिल्या कंपनीचा दंड १०० टक्क्यांपर्यंत माफ होऊ शकतो, दुसऱ्याचा ५० टक्क्यांपर्यंत. चोराला सोडायचं का, असा राग येतो, मलाही आला. पण यामुळे टोळीत अविश्वास पेरला जातो. समोरचा आधी तोंड उघडेल, ही भीती प्रत्येकाला राहते.

दंडाची भीतीही आता वाढली आहे. मार्च २०२४ पासून सीसीआयला दंड ठरवताना कंपनीची जगभरातली उलाढाल धरता येते. तरी माझी एक खंत आहे. हा दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्याने त्या काळात गाडी घेतली, त्याच्या खात्यात एक रुपयाही आपोआप येत नाही.

तुमच्या-माझ्या हातात काय?

थोडं आहे, पण आहे. कोटेशन नेहमी लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल. त्यात एक्स-शोरूम किंमत, आरटीओचा कर, विमा आणि अ‍ॅक्सेसरीज वेगवेगळ्या लिहून मागा. विमा शोरूममधूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही, तिथे तुलना नक्की करा. आणि तुमच्यातलं कोणी शोरूममध्ये किंवा कंपनीत कामाला असेल, ‘वरून’ आलेला असा ईमेल वाचत असेल, तर सीसीआयचा पत्ता लक्षात ठेवा. २०० कोटींच्या आदेशाची सुरुवात एका निनावी ईमेलनेच झाली होती.

स्कूटर शेवटी मिरजेतून घेतली. भाव तिन्हीकडे तोच होता, पण ते शोरूम घराजवळ होतं. आमच्याकडे निवडायला तेवढंच उरलं होतं.