आमची गोष्ट कोण सांगणार?

दोन महायुद्धांची होरपळ सोसल्यानंतर युरोपातील राष्ट्रांनी एक शहाणपणाचा मार्ग धरला. शेजारच्या देशाची मुले एकमेकांना शत्रू मानून वाढू नयेत, म्हणून तेथे शाळा शाळांना जोडल्या गेल्या. युरोपीय संघाने २००५ साली सुरू केलेल्या ‘ई-ट्विनिंग’ या उपक्रमात निरनिराळ्या देशांतील शाळा मिळून काम करतात. आपापल्या मुलखातील लोककथा, दंतकथा, सण आणि गाणी यांची देवाणघेवाण हा त्यातील एक आवडता विषय असतो. अमेरिकेत तर यासाठी परदेशी शाळा शोधण्याचीही गरज नाही. एकाच वर्गात मेक्सिको, व्हिएतनाम, इथिओपिया, पोलंड आणि भारत शेजारी शेजारी बसलेले असतात. म्हणूनच येथील अनेक शाळांत वर्षातून एकदा ‘मल्टिकल्चरल नाइट’ साजरी होते. प्रत्येक देशाचे एक टेबल असते आणि प्रत्येक मूल आपल्या घरची एक गोष्ट, एक पदार्थ, एक वस्त्र घेऊन येते.

उपक्रम स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु भारताच्या टेबलावर काय मांडलेले असते, याचा आपण कधी विचार केला आहे काय? रांगोळी, मेंदी, चित्रपटातील एखादे नृत्य आणि दिवाळीची कथा म्हणून श्रीरामाचे अयोध्येस पुनरागमन. ज्यांची ती श्रद्धा आहे, त्यांनी ती अवश्य मांडावी. आमची त्यास हरकत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्याच टेबलामागे आपल्या बौद्ध कुटुंबातील मूलही उभे असते. शिक्षिका त्याच्याकडे वळून कौतुकाने विचारते, “तुझ्या घरी कोणती गोष्ट सांगतात?” तेव्हा ते मूल आईकडे पाहते आणि आई बाबांकडे पाहते. पुष्कळदा उत्तर येते ते शेजाऱ्याचेच. आपले मूल दुसऱ्याची गोष्ट पाठ करून टाळ्या मिळवते आणि स्वतःच्या घराला गोष्टच नाही, अशी समजूत मनात घेऊन परत येते. ही समजूत लहान वयात रुजली की पुढे ती उपटणे कठीण जाते, असे आम्हांस वाटते.

वस्तुतः आपल्याइतका कथांचा वारसा जगात फार थोड्यांना लाभला आहे. पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. भारहूत व सांचीच्या शिल्पांत त्या कोरल्या गेल्या आणि आपल्या अजिंठ्याच्या भिंतींवर त्या रंगविल्या गेल्या. विदुषी दुर्गा भागवत यांनी ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने त्या मराठीत आणल्या. ‘आभाळ पडले, पळा पळा’ म्हणत धावणारा भित्रा ससा मराठी बालवाडीत सर्वांनाच भेटतो, पण तो मुळात दद्दभ जातकातील ससा आहे, हे किती पालकांना ठाऊक असते? इंग्रजी मुलांच्या ‘चिकन लिटल’चाही तो जुना भाऊबंद. चंद्रावर ससा का दिसतो, याची कथा आपल्या सस जातकात आहे. मेक्सिकोतील आझ्टेक लोकांतही चंद्रावरील सशाची स्वतंत्र दंतकथा आहे. वर्गातील मेक्सिकन मुलाने त्याचा ससा सांगावा आणि आपल्या मुलाने आपला. याहून सुंदर देवाणघेवाण ती कोणती?

अमेरिकेच्या मातीतील एक उदाहरण तर अधिकच विचार करावयास लावणारे आहे. डांबराच्या बाहुलीला ठोसा मारून तिलाच चिकटून बसलेल्या सशाची गोष्ट, म्हणजेच ‘टार बेबी’, येथे घरोघरी परिचित आहे. पंचावुध जातकात चिकट केसांच्या यक्षाशी लढणारा राजपुत्र असाच आधी हातांनी, मग पायांनी आणि शेवटी डोक्याने चिकटतो. दोन्ही कथांतील साम्य अभ्यासकांच्या ध्यानी फार पूर्वीच आले. त्यांचा प्रवास कोणत्या वाटेने झाला, याबद्दल मात्र मतभेद आहेत. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते निराळेच. ही गोष्ट अमेरिकेत जिवंत ठेवली ती गुलामगिरीत खितपत पडलेल्या आफ्रिकी वंशाच्या माणसांनी. बलवानाला बुद्धीने चकविणारा दुबळा ससा हे त्यांचेच रूप होते. परंतु १८८० साली ती पुस्तकरूपाने गाजली, तेव्हा मुखपृष्ठावर नाव आले अटलांटा येथील गोरे पत्रकार जोएल चँडलर हॅरिस यांचे. ज्यांच्या तोंडून त्या कथा आल्या, त्या माणसांची नावे वाचकांपर्यंत पोहोचलीच नाहीत. पुढे व्हर्जिनिया हॅमिल्टन यांच्यासारख्या कृष्णवर्णीय लेखिकेने १९८५ साली आपल्या लोकांच्या कथांचा संग्रह स्वतःच्या नावाने, स्वतःच्या दृष्टीने सिद्ध केला, तेव्हा त्याच परंपरेला निराळेच तेज चढले. तात्पर्य इतकेच की, गोष्टीइतकेच ती सांगणारालाही महत्त्व असते.

आता आपल्या घराकडे वळू. जातकांतील दोन कथा प्रत्येक बौद्ध पालकाने वाचाव्यात, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

पहिली चित्त-संभूत जातकातील. चित्त आणि संभूत हे दोघे चांडाळ कुळातील भाऊ. उज्जैनीच्या वेशीपाशी ते आपली कला दाखवीत असता दोन श्रीमंत कन्यांच्या दृष्टीस पडले. त्यांचे दर्शन हाच अपशकुन मानून त्या कन्या माघारी फिरल्या आणि त्यांच्याकडून मिळणाऱ्या खाण्यापिण्यास मुकलेल्या जमावाने दोघा भावांना बेदम मारले. तेव्हा त्यांनी जात लपविली, ब्राह्मण विद्यार्थ्यांचा वेष घेतला आणि ते तक्षशिलेला शिकावयास गेले. अभ्यासात त्यांची उत्तम प्रगती झाली. एके दिवशी एका गावी भोजनाचे आमंत्रण होते. पानात वाढलेली खीर निवली असेल असे समजून संभूताने घास तोंडात घातला, तो जीभ पोळली. वेदनेच्या भरात त्याच्या तोंडून आपल्या वस्तीची बोली बाहेर पडली आणि चित्तानेही भान विसरून त्याच बोलीत उत्तर दिले. सहाध्यायांच्या ध्यानी सारे आले. दोघांना मारून हाकलून देण्यात आले.

ही कथा दोन हजार वर्षांची जुनी आहे, असे म्हणावयास मन धजत नाही. आडनाव बदलून, जिल्हा मोघम सांगून, ‘आम्ही पुण्याकडचे’ एवढ्यावर विषय संपवून परदेशी भारतीयांच्या मेजवानीत बसणारी कितीतरी सुशिक्षित माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांना आम्ही दोष देत नाही. तक्षशिलेत मार खाल्लेल्याने पुन्हा बोली लपविली, तर लाज त्याची नव्हे, मारणाऱ्यांची आहे.

दुसरी कथा अंब जातकातील, आणि ती अधिक बोचक आहे. एका ब्राह्मण तरुणाने चांडाळ गुरूची सेवा करून त्याच्याकडून एक मंत्र मिळविला. त्या मंत्राने अवकाळीही झाडाला आंबे लागत. निरोप देताना गुरूने एवढेच बजावले की, कोणी विचारले तर माझे नाव लपवू नकोस, लपविलेस तर मंत्र जाईल. पुढे त्या तरुणाला राजाश्रय मिळाला, मानसन्मान मिळाला. एके दिवशी राजाने विचारले, “ही विद्या कोणाकडून शिकलास?” चांडाळाचे नाव घेण्याची त्याला लाज वाटली. तक्षशिलेच्या एका थोर आचार्याचे नाव त्याने ठोकून दिले आणि त्याच क्षणी मंत्र नाहीसा झाला.

पहिल्या कथेतील भावांनी भयापोटी आपले मूळ लपविले, तर दुसऱ्या कथेतील तरुणाने लाजेपोटी गुरूचे. भय समजण्यासारखे आहे. परंतु ज्या दिवशी भयाची जागा लाज घेते, त्या दिवशी मंत्र जातो. आपणही एक मंत्र घेऊन या देशात आलो आहोत. ज्यांनी पालांत, चाळींत, वसतिगृहांत राहून आपल्याला शिकविले, ज्यांनी १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ज्यांनी १९५६ साली नागपूरला पांढरी वस्त्रे नेसून दीक्षा घेतली, त्यांच्याकडून तो आपणास मिळाला. येथील पदव्या, घरे, रुग्णालयांतील व संगणक कंपन्यांतील हुद्दे हे त्या मंत्राचे आंबे होत. मुलाने विचारले, “आपण येथवर कसे आलो?” आणि आपण केवळ स्वतःच्या हुशारीचे नाव सांगितले, तर अंब जातकातील तरुणाहून आपण वेगळे कोठे?

आम्ही व्यवसायाने वैद्य आहोत. रुग्ण समोर आला की औषधाआधी आम्ही त्याचा पूर्वेतिहास विचारतो. रुग्णाने संकोचाने तो दडविला, तर निदान चुकते आणि दुखणे पुढच्या पिढीतही उमटू शकते. समाजाचेही तसेच आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, जातीची कटू गोष्ट अमेरिकन मुलांपुढे कशाला मांडावयाची? त्याने भारतीय मुलांची चेष्टा होते. कॅलिफोर्नियात २००५-०६ साली सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकांवरून हाच वाद पेटला. काही हिंदू संघटनांनी जातिव्यवस्था व स्त्रियांचे स्थान यांविषयीचा मजकूर सौम्य करणाऱ्या दुरुस्त्या सुचविल्या. इतिहासतज्ज्ञांनी आणि दलित संघटनांनी त्यास विरोध केला. २०१६ साली अभ्यासक्रमाचा आराखडा ठरताना तो वाद पुन्हा उफाळला आणि ‘दलित’ हा शब्द राहावा की जावा, येथपर्यंत गेला. कोणत्याही मुलाला त्याच्या जन्मावरून खाली मान घालावी लागू नये, हे त्या पालकांचे म्हणणे रास्त आहे. आपल्याहून ते अधिक कोणास पटणार? परंतु उपाय सत्य पुसण्याचा नव्हे, पुरते सांगण्याचा आहे. जातीच्या भिंतीबरोबरच ती पाडणारेही सांगावेत. या देशाने आपली गुलामगिरी शाळेत शिकविताना फ्रेडरिक डग्लस आणि हॅरिएट टबमन यांनाही शिकविले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी केलेल्या कार्याच्या गौरवार्थ, अर्पण केला होता. त्याच अमेरिकेत बसून आपण आपली गोष्ट सांगण्यास कचरावे, हे शोभणारे नाही.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो. आपण बुद्धिवादी; मग बोलणारे ससे आणि यक्ष मुलांना कशाला? हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. परमपूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची परंपरागत कथा तपासून पाहिली. रोगी, वृद्ध आणि प्रेत वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत त्याच्या दृष्टीस पडलेच नाही, हे बुद्धीला पटणारे नाही, म्हणून त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेला संघर्ष आणि युद्धास सिद्धार्थाने केलेला विरोध हे कारण पुढे ठेवले. त्यांच्याआधी धर्मानंद कोसंबी यांनीही चार दृश्यांच्या कथेविषयी शंका घेतली होती. यातून आपण शिकावयाचे ते हे की, दंतकथा ही दंतकथा म्हणून सांगावी, इतिहास हा इतिहास म्हणून, आणि दोहोंतील सीमारेषा मुलास स्पष्ट दाखवावी. ससा बोलत नाही हे पाच वर्षांच्या मुलालाही कळते. पण दद्दभ जातकातील सिंह पळत्या सशाला थांबवून ‘चल, कोठे पृथ्वी फाटली ते पाहून येऊ’ म्हणतो, तेव्हा त्या मुलाला ‘एहिपस्सिको’ या शब्दाचा अर्थ कळतो.

आणखी एक भांडार आहे, ते ग्रंथांत नव्हे तर आपल्या आया-आज्यांच्या कंठात. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील हजाराहून अधिक खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. लिहिता न येणाऱ्या त्या मायमाउल्यांनी दळता दळता इतिहास रचला. आज आपल्याकडे उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी येणारी आजी ही अशा पिढीची बहुधा शेवटची प्रतिनिधी आहे. तिला आपण नातवंडे सांभाळावयास बोलावितो; पण तिला कधी गावयास सांगतो काय? हे काम पुढच्या वर्षावर टाकता येणारे नाही.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. आपल्या संघटनेने बारा कथांची एक लहान पुस्तिका मराठी व इंग्रजीत काढावी. सहा जातके, रोहिणीचा प्रसंग, महाडचे तळे, सावित्रीबाईंची शाळा, बळीराजाची लोककथा आणि शेवटच्या दोन कथा कुटुंबांनी स्वतः लिहून पाठविलेल्या, अशी तिची मांडणी असावी. पुस्तिकेची एक प्रत प्रत्येक मुलाच्या शिक्षिकेस भेट द्यावी. कार्टर वुडसन यांनी १९२६ साली कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा एक आठवडा सुरू केला आणि पन्नास वर्षांत त्याचा देशमान्य महिना झाला. २०१५ पासून एप्रिल हा दलित इतिहासाचा महिना म्हणून पाळला जात आहे. तेव्हा निदान एप्रिलमध्ये तरी प्रत्येक पालकाने वर्गात जाऊन एक गोष्ट सांगावी. आजीची गाणी घरातल्या फोनवरच ध्वनिमुद्रित करावीत. गाव, साल आणि तिचे नाव यांसह. आणि हे विसरू नये की, देवाणघेवाणीत ‘घेवाण’ही आहे. आपल्या मुलाने शेजारच्या कृष्णवर्णीय मुलाच्या आजीची गोष्टही तितक्याच आदराने ऐकावी. त्या दोन आज्यांना एकमेकींचे दुःख समजावयास दुभाषा फारसा लागणार नाही.

आमची गोष्ट आम्ही सांगितली नाही, तर ती दुसरा कोणी त्याच्या सोयीने सांगेल, किंवा कोणीच सांगणार नाही. चित्त आणि संभूत यांना आपली बोली लपवावी लागली. आपल्या मुलांना ती शाळेच्या व्यासपीठावरून, स्वतःच्या नावानिशी, मोठ्याने बोलता यावी, एवढीच आमची इच्छा आहे.

जय भीम!