गॅरेजमधून : इंजिन बदलले, पुस्तक जुनेच



दिवाळीच्या कार्यक्रमात तीन-चार जणांनी विचारले, “तुमची मॉरिस मायनर अजून चालते का हो?” चालते. पण या उन्हाळ्यात मीच तिच्या जिवावर उठलो होतो, त्याची ही हकीकत.

गाडी १९६७ची, मूळ इंजिन १०९८ सीसीचे. आधीच्या मालकाने ते काढून मॉरिस मरीनाचे १२७५ सीसीचे बसवले. दोन्ही ‘ए-सिरीज’ घराण्यातली, त्यामुळे मायनरवाले हा बदल सर्रास करतात. मी मायनरच्याच पुस्तकातल्या आकड्यावर टायमिंग लावले. गाडी मंद झाली, तापू लागली. मग डिस्ट्रिब्युटर थोडा थोडा फिरवत गेलो. इंजिन उभ्या जागी छान गुणगुणू लागले आणि मी खूश!

पुण्याहून बाबा आले होते. त्यांनी बरीच वर्षे अँबॅसडर चालवली. तीही मुळात मॉरिस ऑक्सफर्डच. बक्स्टनच्या चढावर ते म्हणाले, “अरे, इंजिन ठोकतंय. ऐकू येत नाही का?” मला वाटले, सायलेन्सरचा पत्रा वाजतोय. टायमिंग लाइट लावून पाहिले, तर ठिणगी फारच लवकर पडत होती. असेच महिनोन् महिने चालवले असते तर पिस्टन फुटायला वेळ लागला नसता. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट काही कामी आली नाही, बाबांचे कान आले.

कारण सोपे आहे. पेट्रोल जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोहोचण्याच्या जरा आधी ठिणगी पडावी लागते. फार आधी पडली की उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि ठोका ऐकू येतो. जुन्या पुस्तकांतले आकडे शिशाच्या ‘फोर स्टार’ पेट्रोलसाठी होते. ते १९९९च्या अखेरीस सर्वसाधारण विक्रीतून गेले. २०२१पासून इथले साधे ९५ ऑक्टेनचे पेट्रोल ई-१० आहे. जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉल सोसत नाही, म्हणून मी ‘सुपर’ ई-५ भरतो. त्याचे ऑक्टेनही किमान ९७ असते.

इंजिन बदललेल्यांनी एवढे करावे :

१. इंजिनाचा नंबर पाहून ते कोणत्या गाडीचे आहे ते ठरवावे आणि आकडा त्या इंजिनाचा घ्यावा.

२. पुली एका गाडीची आणि कव्हर दुसऱ्या गाडीचे असेल तर खुणा खोटे बोलतात. पिस्टनची सर्वांत वरची जागा आधी तपासून घ्यावी.

३. आधी पॉइंटचे अंतर (बहुधा ०.०१५ इंच), मग टायमिंग. अंतर बदलले की टायमिंगही बदलते.

४. इंजिन गरम करून, व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करून लाइट लावावा.

५. शेवटी चढावर, टॉप गिअरमध्ये ऐकावे. ठोका आला तर डिस्ट्रिब्युटर किंचित डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा. उभ्या गाडीच्या गोड आवाजावर विश्वास ठेवू नये.

आणि हो, नव्या इंजिनाचा नंबर आणि सीसी लॉगबुकावर बदलून घ्या, विमा कंपनीलाही कळवा.

माझा टायमिंग लाइट कोणाला हवा असल्यास मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात घेऊन येईन. परत मात्र आणून द्या!