भिजत घोंगडे आणि छापील शिकारा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या सांताक्रूझच्या गल्लीत दोनच विषय उरतात. चकल्या कुणाच्या खुसखुशीत झाल्या हा एक, आणि यंदा कोण कुठे जाणार हा दुसरा. दुसऱ्या विषयात मी दर वर्षी नापास होते. गेलेच तर मी माहेरी माणदेशात जाते, आणि माणदेशात जाणे हे गल्लीच्या हिशेबी जाणे होतच नाही. यंदा समोरच्या वहिनी मला म्हणाल्या, "टीचर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, ते लोकरीचे गालिचे करता, एकदा काश्मीरला जाऊन या हो. स्फूर्ती मिळेल!" त्या स्वतः नुकत्याच जाऊन आल्या होत्या. पाठोपाठ त्यांनी आपली तयारीही दाखवली. सरोवरातला शिकारा छापलेला जाळीदार कापडाचा एक चौकोन, त्यावर रंगांचे क्रमांक, आणि सोबत लोकरीच्या अकरा लडी. एक नंबर म्हणजे निळा, दोन नंबर म्हणजे हिरवा. आपली म्हणून जी काय ती सुई! तो चौकोन घेतला होता दादरच्या दुकानात. काश्मीर पाहून आल्यावर त्याची आठवण म्हणून.

वहिनींवर माझा राग नाही. त्यांच्या करंज्या मी दर वर्षी हक्काने खाते. राग आहे तो स्फूर्ती या शब्दाची आपण जी दशा केली आहे तिच्यावर. स्फूर्ती म्हणजे जणू महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. तिथे जावे, पैसे टाकावेत, खोक्यात भरून आणावी आणि चार दिवसांत संपवावी. घरी असताना मात्र डोळे मिटून बसायला मोकळीक! मी म्हणते, जिला घरापासून स्टेशनापर्यंतच्या रस्त्यात काही दिसत नाही तिला गुलमर्गलाही दिसायचे नाही. आधी चित्रात जे पाहिले तेच ती तिथे पुन्हा पाहील, आणि "अगदी चित्रासारखे!" असे म्हणून परत येईल.

माझा हा गालिच्यांचा उद्योग काय असतो ते थोडक्यात सांगते. लाकडी चौकटीवर गोणपाट ताणून बसवायचे. एका हाताने लोकर त्याच्या खाली धरायची, दुसऱ्या हाताने वरून आकडी खुपसायची आणि लोकरीचा फास वर ओढून घ्यायचा. असे फास एकाला एक लागून भरत जायचे. गाठ एकसुद्धा नसते. गोणपाटाची वीण आणि फासांची दाटी यांवरच सगळे धरून राहते. हे मला शिकवले कालिन्याच्या एका ख्रिस्ती आंटींनी. त्यांची लेक कॅनडात असते आणि तिकडे ही जुनी घरगुती कला आहे. आंटींनी मला आकडी दिली आणि एकच अट घातली, "टीचर, ड्रॉइंग तुमचं तुम्ही काढायचं."

अट किती शहाणपणाची होती ते पुढे वाचनातून कळले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तागाचे गोणपाट पोत्यांच्या रूपाने अमेरिकेत घरोघर पोचले. तो ताग आपल्या बंगालचा. गरीब घरच्या बायकांनी ती पोती उसवली, कोळशाने त्यांवर आपला कुत्रा, नवऱ्याची होडी, अंगणातले फूल असे काहीबाही काढले आणि जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांनी ते भरून टाकले. घोडा पुष्कळदा गाढवासारखा दिसे. पण तो त्या घरचा घोडा असे. मग १८६० नंतरच्या वर्षांत मेन राज्यातल्या बिडफर्ड गावचा एडवर्ड फ्रॉस्ट नावाचा एक फेरीवाला पुढे आला. पत्र्याच्या वस्तू विकणाराच तो. त्याने पत्र्यातच नक्ष्या कापल्या, रंगाने त्या गोणपाटावर उठवल्या आणि विकायला काढल्या. झाले! बायकांची डोकेदुखी गेली, आणि जिथे वर्षाचे कित्येक महिने बर्फ पडते त्या मुलुखातल्या घराघरांत सिंह पसरले. सिंह! मेनच्या एकाही बाईच्या दारावरून तो कधी गेला नसेल. फ्रॉस्टला पोट होते, त्याला मी दोष देत नाही. पण वहिनींचा अकरा लडींचा शिकारा त्या सिंहाचाच पणतू आहे.

उलट दाखलाही तिकडचाच देते. विल्फ्रेड ग्रेनफेल हा इंग्रज डॉक्टर १८९२ साली लॅब्राडोरच्या कोळ्यांत गेला. पुढे त्याच्या मिशनने तिथल्या बायकांकडून असेच गालिचे करून घेऊन विकले. जुने रेशमी पायमोजे गोळा करून त्यांच्या पट्ट्यासुद्धा वापरल्या. नक्षी पुष्कळदा मिशनची माणसेच काढून देत, हे खरे. पण त्या नक्षीत असे काय? पांढरे अस्वल, कुत्र्यांची गाडी, उडत चाललेले हंस. करणारीने सकाळी खिडकीतून जे पाहिले तेच दुपारी तिच्या हाताखाली असे.

आता आपल्या दारात येऊ. माझ्या लग्नात वडिलांनी मला एक काळी घोंगडी दिली. आमच्याकडच्या सणगराने विणलेली. खड्ड्याच्या मागावर, चिंचोक्याची खळ देऊन. सासूबाईंनी ती पहिल्याच दिवशी माळ्यावर टाकायला लावली. "घरात मेंढरांचा वास नको गं बाई!" मी नवी सून, काय बोलणार? पुढे २६ जुलै २००५ उजाडला. त्या दिवसाचा ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला तो आमच्या सांताक्रूझच्याच वेधशाळेत. आमची तळमजल्याची खोली. आम्ही जिन्यात बसून रात्र काढली. थंडी वाजायला लागली तेव्हा माळ्यावरची घोंगडी निघाली, तिची खोळ करून सासूबाईंच्या डोक्यावर दिली, आणि पहाटे ती तिथेच पाण्यात पडून राहिली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या गाद्या, उशा, सोफे रस्त्यावर कचऱ्यात गेले. घोंगडी मी चार पाण्यांतून काढली आणि गॅलरीच्या कठड्यावर टाकली. भिजत घोंगडे ही म्हण मुलांना शिकवताना तिचा अर्थ मी आजवर पाठ सांगत होते. घोंगडे वाळायला किती दिवस लागतात ते तेव्हा मोजले. चौथ्या दिवशी ते वाळले, आणि होते तसे झाले. तेव्हापासून घरात त्याच्या वासाविषयी कुणी बोलत नाही.

त्या घोंगडीची लोकर ज्या दख्खनी मेंढीची, तिची आज काय गत आहे? घोंगडीला गिऱ्हाईक नाही, म्हणून लोकरीला भाव नाही. कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही. मग कातरलेली लोकर बांधावर टाकून मेंढपाळ पुढे जातो. मांसाला भाव आहे, तेव्हा अंगावर लोकर बेताचीच असलेली जतकडची माडग्याळ मेंढी कळपात घेणे त्याला परवडते. त्याचे काही चुकत नाही. पण त्याच वेळी आपण दादरच्या दुकानात उभे राहून 'लोकर' मागतो, आणि दुकानदार जी लडी पुढे करतो तिच्यावरची चिठ्ठी वाचण्याचे कष्ट घेत नाही. वाचून पाहा. बहुधा ॲक्रिलिक निघेल. खनिज तेलापासून कारखान्यात काढलेला धागा, मेंढीने तो पाहिलेलासुद्धा नसतो.

"पण बाई, ती लोकर टोचते!" टोचतेच. स्वेटरला ती नालायक आहे हे मी लिहून द्यायला तयार आहे. पण जमिनीवर अंथरायच्या वस्तूला खरखरीत, राठ लोकरच हवी. मऊ लोकर पायांखाली चेपून चार महिन्यांत गोधडीसारखी होते. म्हणजे ज्या गुणासाठी आपण माणदेशची लोकर बांधावर टाकतो तोच गुण गालिच्याला लागतो. "रंग कुठे आहेत तिच्यात?" असेही मला विचारले गेले. काळा आहे, करडा आहे, तांबूस काळा आहे, म्हाताऱ्या मेंढीचा धुरकट पांढरा आहे. आमच्या गल्लीचा पावसाळा भरायला मला याहून जास्त रंग लागले नाहीत. एवढ्यावर भागले नाही की मग शेवटचे अस्त्र निघते: हा संकुचितपणा आहे, कलेला प्रांत नसतो. नसेल. पण मेंढीला असतो, आणि तागालाही.

मी प्रवासाच्या विरुद्ध आहे असे मात्र कुणी समजू नये. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेत गेले ते दक्षिणा मिळवायला. घरचे कर्ज फेडायचे होते. मध्येच बंडात सापडले, म्हणून १९०७ साली छापला गेलेला 'माझा प्रवास' आपल्या हाती आला. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला मास्तर धनगरांच्या वस्तीवर स्फूर्ती शोधायला गेलेला नसतो; तो नोकरीवर हजर व्हायला गेलेला असतो. ही कादंबरी १९५५ सालची, आणि मास्तरकी करून लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांना ती अजून मान खाली घालायला लावते. आणि खुद्द धनगर? आपण बॅगा भरतो त्याच दिवसांत, दिवाळीच्या सुमाराला, तेही निघतात. देशावरून घाट उतरून कोकणात, आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत. घोड्यावर बिऱ्हाड, बायकांच्या कडेवर पोर, म्हाताऱ्याच्या हातात चालता चालता फिरणारी टकळी. ज्याच्या शेतात मेंढ्या बसतात त्याला खत मिळते, यांना धान्य किंवा पैसे. पेण-खोपोलीच्या रस्त्याला हा कळप आडवा आला की आमच्या सहलीच्या बसमधली मंडळी काचा वर करतात आणि ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला सांगतात. काश्मीरला जाऊन तिथल्या मेंढपाळाबरोबर मात्र फोटो काढून घेतात!

हे सारे मी हसत लिहिले असते, पण गेल्या वर्षी एका प्रदर्शनात जे झाले ते मनातून जात नाही. उपनगरातल्या शाळांच्या हस्तकलेचे प्रदर्शन होते. कुठले ते सांगत नाही. माझ्या वर्गातल्या वाकोल्याच्या एका मुलीने गोणपाटावर आसन भरले होते. तिच्या चाळीवरून विमाने इतकी खालून जातात की चाके मोजता येतात. तिने विमानाचे पोट काढले होते, करडे, आसनभर; आणि खाली कोपऱ्यात दोरीवर वाळणारे तीन कपडे. आईचे जुने स्वेटर उसवून तिने लोकर काढली होती. बक्षीस मिळाले छापील कापडावर भरलेल्या स्वित्झर्लंडच्या बंगल्याला. परीक्षक बाई मला समजावून म्हणाल्या, "फिनिशिंग बघा ना टीचर. आणि विमानाचं पोट म्हणजे काय डिझाइन झालं? मुलांना जरा बाहेर न्या, काही सुंदर दाखवा." मुलगी शेजारी उभी होती. तिने ते आसन गुंडाळले, पिशवीत घातले, आणि पुढच्या आठवड्यात मला विचारले, "बाई, तो बंगल्याचा कपडा कितीला मिळतो?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. नंतर देत राहिले. कधी रागावून, कधी बाबापुता करून. गेल्या महिन्यात ती पुन्हा नवे गोणपाट घेऊन आली. पुन्हा विमानच, या वेळी रात्रीचे. रात्रीला लागणारा काळा रंग स्वेटरांतून निघेना.

म्हणून यंदा मी धाकट्या भावाला कळवले की भाऊबीजेला साडी नको, पोतेभर काळी लोकर ठेव. त्याने फोनवर विचारले, "आक्का, धुऊन ठेवू का तशीच?" तशीच ठेव म्हणाले, मुलीने पहिल्यापासून धुवावी. एस.टी.तून पोते आणायचे म्हणजे जागेसाठी कंडक्टरशी हुज्जत घालावी लागेल. सासूबाईंना अजून सांगितलेले नाही.