आधी पाचर, मग जॅक

ओंडके फोडायचे हायड्रॉलिक यंत्र घरी बनवणारा पहिल्यांदा विचारतो, जॅक किती टनांचा घेऊ? मी म्हणतो, बाबा, आधी पाचर बघ. घर्षण सोडले तर ३० अंशांची पाचर प्रत्येक बाजूला दाबाच्या सुमारे १.९ पट जोर देते. ६० अंशांची दाबाइतकाही देत नाही. मग निमुळतीच करावी? तीही नको, बाभळीच्या गाठीत ती रुतून बसते. टोक निमुळते, मागे खांदे रुंद, हे बरे. सरळ रेषांच्या लाकडात चीर धारेच्या पुढे पळते, खांदे ती फाकवतात. वस्तऱ्यासारखी धार हवी कशाला? चार पात्यांच्या पाचरीचा सोस मला पटत नाही. तिला जोर जास्त लागतो, ताण वेल्डिंगवर येतो, आणि ते सुटले तर समोर माणूस उभा असतो. हाताने जॅक मारणाऱ्याला एवढी घाई कसली?