इंग्रजीत एम.ए. झालो, पण इंग्रजी आली का?

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. त्याच वर्षी औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. त्या लढ्यात नांदेड जिल्ह्यातील पोचिराम कांबळे आणि गौतम वाघमारे शहीद झाले. विद्यापीठाचे दार उघडले. आत आपल्या मुलांच्या पदरात काय पडते, हे आता विचारले पाहिजे.

नांदेड-लातूरच्या वस्त्यांत काम करताना आम्हाला इंग्रजी साहित्य घेऊन पदवीधर झालेली मुले-मुली भेटतात. बहुतेकजण घरातले पहिलेच पदवीधर. शेक्सपिअरवरच्या नोट्स तोंडपाठ असतात, मूळ नाटक मात्र उघडलेले नसते. गाईडवर परीक्षा निघते, मुलाखतीत तोंड उघडत नाही. दोष मुलांचा नाही. शाळेपासून इंग्रजीचा धडा मराठीत समजावला जातो, महाविद्यालयातही तेच. ‘लातूर पॅटर्न’चा गाजावाजा विज्ञान शाखेपुरता, कला शाखेकडे कोण पाहतो?

याची किंमत मोठी आहे. परदेशी विद्यापीठात प्रवेशासाठी बहुधा आयईएलटीएससारखी परीक्षा लागते. तिथे अडखळलेल्या मुलाला शिष्यवृत्ती असूनही उपयोग नाही. त्यात २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. म्हणजे जातीवर जगापुढे इंग्रजीत बोलू शकणाऱ्याची वाट दोन्हीकडून अडली. ‘मराठीतून शिका’ असा उपदेश करणाऱ्यांची मुले कोणत्या शाळेत जातात, हेही पाहावे.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारली गेली, पर्शियन घ्यावी लागली. इंग्रजी मात्र त्यांनी शस्त्रासारखी परजली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांनी इंग्रजीतच लिहिला. आपण तो अनुवादातून वाचतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दर रविवारी विहारात दोन तास या ग्रंथाचा एक परिच्छेद आधी इंग्रजीत, मग मराठीत मोठ्याने वाचावा. पुढे दया पवारांचे ‘बलुतं’ आणि बेबी कांबळेंचे ‘जिणं आमुचं’ घ्यावे. दोन्हींचे इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहेत. जगणे आपलेच असल्याने अर्थ आधीच ठाऊक असतो, शिकायची उरते ती फक्त भाषा. सोबतच विद्यापीठाकडे मागणी करावी: इंग्रजीच्या प्रत्येक सत्रात बोलण्याची आणि मूळ पुस्तक वाचल्याची परीक्षा घ्या.

पदवी भिंतीवर टांगता येते. भाषा तोंडात असावी लागते. जय भीम!